न मागितलेलं गाणं

विद्यापीठानं आपली रेडिओची फ्रिक्वेन्सी विकली तर बिघडलं कुठे, असं माझ्या एका मित्रानं मला विचारलं. तो अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे विकण्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयारच असतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. विद्यार्थ्यांकडे रेडिओ नाहीत, ऐकणारे मूठभर, गाणी फोनवर हवी तेवढी मिळतात, आणि विकून आलेल्या पैशात कितीतरी मुलांच्या शिष्यवृत्त्या होतील. मी कॉलेज रेडिओचा जुना भक्त. खरं तर मी चवताळून उठायला हवं होतं. पण त्या दिवशी मला धड उत्तर सुचलं नाही. "पण मजा यायची रे," एवढंच म्हणालो. त्या दिवशी राहिलेलं उत्तर इथे देतो आहे.

अमेरिकेत हे सौदे झालेले आहेत. २०१० साली राइस विद्यापीठानं विद्यार्थी चालवत असलेल्या केटीआरयूची फ्रिक्वेन्सी आणि ट्रान्समीटर ९५ लाख डॉलरला ह्यूस्टन विद्यापीठाला विकायचं ठरवलं. जानेवारी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या केयूएसएफचं प्रक्षेपण एका सकाळी कार्यक्रम चालू असतानाच बंद झालं. फ्रिक्वेन्सीचा सौदा ३७ लाख ५० हजार डॉलरला ठरला होता. त्याच वर्षी व्हँडरबिल्टच्या विद्यार्थ्यांचं डब्ल्यूआरव्हीयू नॅशव्हिलच्या पब्लिक रेडिओकडे, म्हणजे श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या अव्यावसायिक रेडिओकडे, गेलं. २०१४ मध्ये जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं फ्रिक्वेन्सी विकली नाही, पण एक लाख वॉटच्या डब्ल्यूआरएएसचे पहाटे पाच ते संध्याकाळी सात हे रोजचे चौदा तास राज्याच्या पब्लिक ब्रॉडकास्टिंगला देऊन टाकले. मुलांना उरली रात्र. विद्यार्थ्यांना दिलेला दिलासाही सगळीकडे सारखाच होता: तुमचं स्टेशन इंटरनेटवर चालूच राहील, मग तक्रार कसली?

ज्यानं असा रेडिओ कधी ऐकला नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. कॉलेज रेडिओ म्हणजे एफएमवरचा अखंड बडबडणारा आरजे नव्हे. तिथे जाहिराती नसतात, कारण परवाना अव्यावसायिक असतो. डीजे बिनपगारी. कुणी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, कुणी फ्रेंच शिकणारी, एखादा गावातला पन्नाशीचा सुतार, जो वीस वर्षांपासून दर मंगळवारी ब्लूज वाजवतो आणि ज्याला हलवायची कुणाची छाती नाही. अमेरिकेत एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ ठरला तो १९४५ मध्ये, आणि त्यातल्या खालच्या टोकाच्या, म्हणजे ८८.१ ते ९१.९ या वीस जागा शिक्षणासाठी राखून ठेवल्या गेल्या. १९४८ पासून तर अवघ्या दहा वॉटच्या स्टेशनलाही परवाना मिळू लागला. दहा वॉट म्हणजे आजच्या साध्या एलईडी दिव्याइतकी वीज. तेवढ्यात कॉलेजचं आवार आणि आजूबाजूच्या चार गल्ल्या व्हायच्या.

या वीस जागांची किंमत शून्य होती. शिक्षणसंस्थेला फ्रिक्वेन्सी फुकट मिळाली. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टप्रमाणे परवाना म्हणजे रेडिओच्या लहरी वापरायची मुभा, मालकी नव्हे. म्हणजे मित्राच्या प्रश्नाचा निम्मा निकाल इथेच लागतो. ज्या वस्तूचे आपण मालक नाही, जी लोकांनी एका कामासाठी आपल्या हवाली केली, ती विकून आलेल्या पैशातून दानधर्म करणं हा फार तर चतुरपणा झाला. मित्र मात्र एवढ्यावर गप्प बसणारा नाही. "कायद्यात बसलं ना? परवाने देणाऱ्या सरकारी आयोगानं मान्यता दिली ना?" दिली. म्हणून उरलेला निम्मा युक्तिवाद कायद्याबाहेरचा आहे. ते काम होतं तरी काय, आणि ते आता फोन करतो का?

फोन ते करतो असं बहुतेकांना मनापासून वाटतं. २०१५ पासून स्पॉटिफाय दर सोमवारी तीस गाण्यांची ताजी यादी हातात ठेवतं. मी ती ऐकतो. त्यातली चार-पाच गाणी आवडतात, कधी फारच आवडतात. यंत्राला अभिरुची नाही असं म्हणणारे बहुधा ते वापरत नसावेत. यंत्राला माझी अभिरुची माझ्यापेक्षा बरी कळते, आणि माझी तक्रार नेमकी तिथून सुरू होते. ते माझ्यासारख्याच लोकांनी काय ऐकलं याचा हिशेब मांडून मलाच मी परत देतं. तिथे गाणं 'ऐकलं' असं धरायला तीस सेकंद पुरतात. त्याआधी पुढे सरकवलं तर गाणं नापास. पहिल्या अर्ध्या मिनिटात हाताला धरून न बसवणारं जे जे संगीत जगात आहे, त्याचं अशा परीक्षेत काय होत असेल?

मला काय म्हणायचंय ते मला आलेल्या एका फोनवरून सांगतो. कॉलेजच्या स्टेशनवर मी डीजे होतो, आणि मला मिळालेली वेळ रात्री दोन ते चार. नव्या माणसाला हीच मिळते. चुका करायच्या त्या झोपलेल्या गावासमोर कर, असा त्यामागचा शहाणपणा. लायब्ररीत हिंडताना 'इंटरनॅशनल' असं लिहिलेल्या खोक्यात आयरिश बासरी आणि माली देशातल्या कोरा नावाच्या तंतुवाद्याच्या मधोमध मला एका नामवंत गायिकेची तबकडी सापडली. घरी ऐकत आलो तो राग. राग सकाळचा, घड्याळात रात्रीचे तीन. ज्या घरात अवेळी राग लावला म्हणून आजोबा रेडिओ बंद करायचे, त्या घरातल्या मुलानं दोन मिनिटं विचार केला आणि सुई टेकवली. सहाव्या मिनिटाला स्टुडिओतला फोन लुकलुकला. (ऑन एअर असताना फोन वाजत नाही, नुसता दिवा लागतो.) पलीकडचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "माइक टेस्टिंग अजून किती वेळ चालणार आहे?"

मी हसलो आणि समजावायला गेलो. आलाप म्हणजे काय, ते मला सांगता येईना. ज्या गोष्टीवर माझं लहानपणापासून प्रेम आहे असं मी धरून चाललो होतो, तिच्याबद्दल परक्या माणसाला समजतील अशी दोन वाक्यं माझ्याकडे नव्हती. "इट्स लाइक अ वॉर्म-अप" असं काहीतरी बोलून गेलो, आणि ते बोलत असतानाच चूक आहे हे कळत होतं. तो बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पुढे ऐकलं की स्टेशन बदललं, मला माहीत नाही. तो आठवडा मी शास्त्रीय संगीतावरची पुस्तकं चाळण्यात घालवला, आणि पुढच्या खेपेला तबकडी लावण्याआधी तीन वाक्यं बोललो: गायिका आता एकेका स्वराची ओळख करून घेणार आहे, ताल बराच नंतर येईल, घाई नाही. या तीन वाक्यांसाठी मी जितका झिजलो तितका कुठल्याही परीक्षेसाठी झिजलो नाही.

फोनवरच्या ॲपनं त्या माणसाची नोंद 'स्किप' अशी केली असती. त्याला पुन्हा ते कधी ऐकवलं नसतं आणि मलाही काही कळलं नसतं. तिथे त्याचाही काही तोटा दिसत नाही, माझाही नाही. रेडिओवर मात्र गाणं लावणारा आणि गाणं ऐकणारा एकमेकांना सापडतात, आणि लावणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. गाणं आवडणं सोपं असतं. पण कुणीही न मागितलेलं गाणं अनोळखी माणसांच्या पुढ्यात ठेवायचं, वर आपलं नाव सांगायचं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती शिकावी लागते. विद्यापीठ शिकवण्यासाठीच असतं ना? प्रयोगशाळा विकताना कुणी विचारत नाही, की तिथे होणारे प्रयोग बघायला किती प्रेक्षक येतात.

शिकवण्याची पद्धतही मजेदार होती. आमच्या लायब्ररीत प्रत्येक तबकडीच्या वेष्टनावर एक पांढरा कागद चिकटवलेला असे. ती पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं त्यावर चार ओळी लिहायच्या: कुठलं गाणं आधी लाव, कुठल्या गाण्यात शिव्या आहेत. (शिव्यांची माहिती महत्त्वाची, कारण आयोगाच्या नियमांनुसार असभ्य मजकुराला सूट आहे ती फक्त रात्री दहा ते सकाळी सहा.) त्याखाली पुढचे लोक लिहीत जायचे. एका कागदावर निळ्या शाईत "कंटाळवाणं", त्याखाली काळ्या शाईत "कंटाळवाणा तू", त्याखाली पेन्सिलनं "दोघंही तिसरं गाणं ऐका". हे तिघं एकमेकांना कधी भेटले नसतील; मधे काही वर्षंही गेली असतील. मी तिसरं गाणं ऐकलं. पेन्सिलवाला बरोबर होता. फोनवरच्या हजारो 'लाइक'मधून मला अजून असं भांडण वाचायला मिळालेलं नाही.

आता स्वतःच्या घरातला केरही दाखवायला हवा, नाहीतर ही नुसती गतस्मृतींची पालखी होईल. कॉलेज रेडिओवाले भयंकर शिष्ट असतात. आम्ही होतो. बँड दोनशे लोकांना माहीत असेपर्यंत आमचा. दोन लाखांना माहीत झाला की बाटला. १९८० च्या दशकात जॉर्जियातल्या अथेन्स गावच्या आर.ई.एम.सारख्या बँडना कॉलेज रेडिओनं डोक्यावर घेतलं, इतकं की 'कॉलेज रॉक' असं नावच रूढ झालं. आणि तेच बँड मोठ्या कंपन्यांकडे गेल्यावर नाकं मुरडणारे पहिले लोकही कॉलेज रेडिओवरचेच. दुर्मीळ म्हणजे चांगलं, हा गैरसमज मलाही पुरती दोन वर्षं होता. कित्येक स्टेशनांवर वर्षानुवर्षं एकाच प्रकारची मुलं असायची, गोरी, गिटारवेडी, एकमेकांना तबकड्या दाखवणारी. आणि पैशाचा वास तिथे पोहोचलाच नाही असंही नाही. १९७८ पासून सीएमजे नावाचं पत्र कॉलेज स्टेशनांवर काय वाजतं याच्या याद्या छापू लागलं, त्या याद्यांना किंमत आली, आणि रेकॉर्ड कंपन्यांची प्रचारक मंडळी स्टेशनच्या विसाव्या वर्षीच्या म्युझिक डायरेक्टरला, म्हणजे काय वाजवायचं ते निवडणाऱ्या विद्यार्थ्याला, फोनवर फोन करू लागली.

तरीही एक फरक आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो. पैसे घेऊन गाणं वाजवणं आणि ते श्रोत्यांपासून लपवणं, हे अमेरिकेत १९६० पासून प्रसारणात बेकायदेशीर आहे. पेओला म्हणतात त्याला. त्या भानगडीत मोठमोठे डीजे बुडाले. स्पॉटिफायनं २०२० मध्ये जाहीर केलेल्या 'डिस्कव्हरी मोड'मध्ये कलाकार कमी दरानं मानधन घ्यायला तयार झाला की त्याचं गाणं शिफारशींत पुढे सरकतं. हा लाचेचाच प्रकार आहे असं मी म्हणत नाही. पण एखादं गाणं माझ्यासमोर का आलं, हे मला विचारायचं असेल तर विचारू कुणाला? आमच्या स्टेशनवर दोन ते चार कोण बसलं होतं ते लॉगच्या वहीत सहीनिशी लिहिलेलं असायचं.

व्यावसायिक रेडिओबद्दल एक परिच्छेद पुरे. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टनं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांत क्लिअर चॅनल नावाच्या कंपनीकडे बाराशेहून जास्त झाली. एका शहरात बसून आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि दहा शहरांत तो तिथलाच म्हणून लावायचा, हे तेव्हापासून सर्रास झालं. त्यात मला आश्चर्य वाटत नाही. धंदा तो धंदा.

अडचण वेगळीच आहे. कॉलेज रेडिओ या धंदेवाल्यांनी गिळला नाही. वर सांगितलेले चारही व्यवहार पाहा. घेणारे सगळे सज्जन होते: पब्लिक रेडिओ, पाश्चात्त्य अभिजात संगीत, निधर्मी, विचारी, ज्यांचे कार्यक्रम मी स्वतः मन लावून ऐकतो. विद्यापीठाच्या विश्वस्तांना ते पटायला वेळ लागला नाही. एकीकडे रात्री तीनला सकाळचा राग लावणारा अडखळता पोरगा, आणि दुसरीकडे राष्ट्रीय बातम्या, उत्तम उच्चार, वर्गणी देणारे सुसंस्कृत श्रोते. कुठलाही समंजस माणूस दुसरीकडेच झुकेल. हे आधीही घडलं होतं. १९७८ मध्ये आयोगानं दहा वॉटच्या नव्या परवान्यांना दार बंद केलं आणि जुन्यांना शक्ती वाढवा, नाहीतर जागेचं संरक्षण गमवा असं सांगितलं. ही मागणी लावून धरली होती ती पब्लिक रेडिओला तेव्हा सरकारी पैसा वाटणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगनंच. उद्देश वाईट नव्हता. चांगल्या रेडिओला ऐसपैस जागा हवी होती. पण चांगल्या रेडिओचा आवाज एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं तरी तोच असतो. चांगलं ऐकवणं आणि ऐकवायला शिकणं, या दोन गोष्टी एकाच फ्रिक्वेन्सीवर मावत नाहीत, आणि शिकणाऱ्याचं काम दर वेळी कच्चंच दिसतं. ते कच्चं असतं म्हणूनच त्याला राखीव जागा लागते. १९४५ मध्ये हे कुणाला तरी कळलं होतं.

राहिला इंटरनेटचा दिलासा. त्यात तथ्य आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसूनही आज मला हव्या त्या कॉलेजचं स्टेशन ऐकता येतं, आणि मी ऐकतो. पण दोन गोष्टी सांगायला विसरतात. एक म्हणजे नियम. अमेरिकेत इंटरनेटवरच्या रेडिओला सरसकट परवाना मिळतो तो १९९८ च्या कायद्याच्या अटींवर: तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, एका अल्बममधली तीनच, आणि पुढे काय वाजणार त्याची यादी आधी जाहीर करायची नाही. एखादी गायिका वारली आणि एखाद्या मुलाला रात्रभर तिचीच गाणी लावायची असतील, तर लहरींवर ती मोकळीक आहे. (लहरींवर प्रसारणाबद्दल गायक-वादकांना मानधन मिळत नाही, फक्त गीतकार-संगीतकारांना मिळतं, हा अमेरिकेतला जुना अन्याय आहे आणि त्याचा फायदा आम्हीही उपटला. ते कबूल.)

दुसरी गोष्ट नियमांपेक्षा मोठी. इंटरनेटवरच्या स्टेशनकडे माणूस ठरवून जातो. आधी नाव माहीत हवं. लहरींवर माणूस अडखळतो. गाडी चालवताना, रात्रपाळीत, बटण फिरवताना मधेच काहीतरी विचित्र लागतं आणि हात थांबतो. मला माइक टेस्टिंगबद्दल विचारणारा माणूस भारतीय संगीत शोधत नव्हता. तो काहीच शोधत नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचायचा इंटरनेटवर रस्ताच नाही. चाहत्यांचा चाहत्यांसाठी रेडिओ तिथे झकास चालतो, पण ज्याला ठाऊकच नाही की आपण चाहते होऊ शकतो, त्याचं काय?

मग लहरींवरचा कॉलेज रेडिओ चालवायचा कुणी, हा मित्राचा शेवटचा प्रश्न असणार. न्यू जर्सीतलं डब्ल्यूएफएमयू हे अप्साला कॉलेजचं स्टेशन. १९९५ मध्ये कॉलेजच बुडालं. त्याआधी श्रोत्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी उभ्या केलेल्या संस्थेनं परवाना आपल्याकडे घेतला होता, म्हणून कॉलेज गेलं तरी स्टेशन आजही श्रोत्यांच्या वर्गणीवर चालू आहे, आणि कुठल्या डीजेनं काय वाजवावं हे अजूनही कुणी त्याला सांगत नाही. म्हणून माझी मागणी माफक आहे. विद्यापीठाला स्टेशन नको असेल तर नसू दे. पण आधी ते विद्यार्थ्यांना आणि गावाला देऊ करावं, उघड, पुरेशी मुदत देऊन, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची बाजारभावानं किंमत न लावता. बंद खोलीत सौदा करून एका सकाळी मधेच खटका बंद करू नये.

केटीआरयूचं पुढे काय झालं ते मित्राला मुद्दाम सांगितलं. २०१५ मध्ये ते ९६.१ वर लहरींवर परत आलं. पूर्वी त्याची शक्ती ५०,००० वॉट होती. आता कमी शक्तीच्या परवान्यावर, जिथे कमाल मर्यादा शंभर वॉटची आहे. ९५ लाख डॉलरला गेलेल्या जुन्या फ्रिक्वेन्सीवर ह्यूस्टन विद्यापीठानं अभिजात संगीताचं स्टेशन सुरू केलं होतं. २०१६ मध्ये त्यांनीही ती एका ख्रिस्ती संगीत लावणाऱ्या प्रसारकाला विकून टाकली.